‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ : सैनिकांसाठी लिहिताना हा शब्द चालेल का?

विचारणा

सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठीच्या एका आरोग्यपुस्तिकेचं मराठी करते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. ‘सोशल डिटर्मिनंट्स ऑफ हेल्थ’ला बहुतेक ठिकाणी ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ म्हटलेलं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला, २००८ मध्ये त्याचा अहवाल आला आणि ही संज्ञा सगळीकडे पोचली. माणूस जिथे जन्मतो, वाढतो, राबतो, म्हातारा होतो तिथली परिस्थिती त्याची तब्येत घडवते किंवा बिघडवते, एवढा साधा अर्थ. सैनिकाच्या बाबतीत म्हणजे हुद्दा, पगार, राहायची जागा, सारख्या होणाऱ्या बदल्या, घरापासून लांब राहणं, तुकडीतली माणसं, वरिष्ठांची वागणूक, आणि नोकरी संपल्यावर बाहेरच्या जगात काय वाट्याला येतं ते.

मसुदा भावाला वाचून दाखवला. तो बारा वर्षं सैन्यात आहे. ऐकून म्हणाला, “म्हणजे निर्धार कमी पडला की माणूस आजारी पडतो, असंच लिहिलंय ना?” चिडून नव्हे, अगदी सरळपणे विचारलं त्याने. तेव्हापासून तो शब्द लिहायला हात धजत नाही. दुसरा कोणता वापरू?

प्रतिसाद

व्युत्पत्तीने शब्द चुकीचा नाही. निर्धारण म्हणजे ठरवणं. ‘करनिर्धारण’ हा कचेरीतला शब्द त्याच अर्थाचा आहे. पण कचेरीबाहेर मराठी माणूस निर्धार ‘करतो’, म्हणजे मनाशी पक्कं ठरवतो. गणितातल्या डिटर्मिनंटला शाळेच्या पुस्तकात ‘निश्चयक’ म्हणतात. तो घेतला तर निर्धारावरून निश्चयावर येऊ, अडचण तीच राहील.

‘घटक’ घ्या. मात्र ‘आरोग्याचे सामाजिक घटक’ असं नको. ज्यांची मिळून वस्तू बनते ते तिचे घटक, औषधाचे असतात तसे. ‘आरोग्यावर परिणाम करणारे सामाजिक घटक’ असं लांबलचक लिहावं लागेल, पण अर्थ नेमका राहील.

प्रतिसाद

मी सैनिकी रुग्णालयात परिचारिका होते. ताई, भावाचं बोलणं बाजूला सारू नका. सैन्यात निर्धार हा सगळ्यात मोठा गुण मानतात. कुठल्याही दुखण्याचा दोष स्वतःकडे घ्यायची सवय तिथे पहिल्या दिवसापासून लागते. अशा माणसाच्या हातात ‘निर्धारक’ हा शब्द दिला, की तो त्याचा तोच अर्थ लावणार. चूक वाचणाऱ्याची नाही, शब्दाची आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धानंतर जे आकडे मांडले, त्यातला एक मला कायम आठवतो. युद्ध नाही, शांततेचा काळ. इंग्लंडमधल्याच बराकी. तिथे राहणाऱ्या तरुण सैनिकांचा मृत्युदर बाहेरच्या त्याच वयाच्या पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होता. तपासून, निवडून घेतलेली धडधाकट पोरं ती. त्यांना गोळी लागली नव्हती. दाटीवाटी, कोंदट हवा आणि घाण यांनी ती मरत होती. त्यांचा निर्धार कमी पडला, असं कोण म्हणेल?

उलट बाजूचं उदाहरण व्हिएतनामचं. तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी साधारण पाचांतल्या एकाला हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. घरी परतल्यावर त्यांतले फार थोडे पुन्हा त्यात अडकले. १९७० च्या दशकात ली रॉबिन्स या अमेरिकी संशोधिकेने हे शोधून मांडलं, तेव्हा लोकांना खरं वाटेना. माणसं तीच होती. भोवतालची जागा, सोबत, कंटाळा, भीती आणि हाताशी सहज मिळणारं स्वस्त हेरॉइन, हे सगळं मागे पडलं होतं.

म्हणून ‘घटक’ही मला पुरेसा वाटत नाही. ऐकायला हवामानासारखा वाटतो, आपोआप असलेला. बराक कुणीतरी बांधलेली असते, एका खोलीत किती जणांनी झोपायचं ते कुणीतरी ठरवतं, सुट्टी कुणीतरी नामंजूर करतं. मी ‘सामाजिक परिस्थिती’ म्हणेन. परिस्थिती बदलता येते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.

विचारणा करणारी

‘परिस्थिती’ पटतंय. पण नुसतं ‘सामाजिक’ म्हटलं की आपल्या कानाला समाजकार्य, चळवळी असं काहीतरी ऐकू येतं. तुकडीतल्या सोबत्याशी बोलणं बंद होणं हेही ‘सामाजिक’च, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल का?

आणखी दोन शब्द अडलेत. ‘सेपरेशन’ला मी ‘विरह’ लिहिलंय, ‘स्टिग्मा’ला ‘कलंक’.

प्रतिसाद

विरह काढा. तो कवितेतला शब्द आहे, प्रेमिकांचा. माझे पती नौदलात होते. आमच्यात जे होतं ती ताटातूट. ताटातुटीत ओढून वेगळं केल्याचा अर्थ आहे आणि त्यात मुलंही येतात, आईवडीलही येतात.

पण पुस्तिकेत ताटातुटीवर थांबू नका. ताटातूट संपते, माणूस घरी येतो आणि मग दुरावा सुरू होतो. हे दोन वेगळे शब्द आहेत, ही मराठीची मोठी सोय आहे. ताटातूट अंतराची, दुरावा मनाचा. सहा-आठ महिन्यांनी आलेल्या माणसाला घरातल्या वस्तूंच्या जागा माहीत नसतात, मूल त्याच्याकडे परवानगी मागायला जात नाही, मी एकटीने निर्णय घ्यायला सरावलेली असते. कुणी भांडलेलं नसतं, तरी त्याला झोप लागत नाही आणि मला त्याच्या पावलांच्या आवाजाची सवय राहिलेली नसते. ‘सेपरेशन’ या एका शब्दाखाली दोन्ही ढकलली, तर वाचणाऱ्या बायकांना वाटेल की परत आल्यावरचा त्रास फक्त आपल्याच घरात आहे.

प्रतिसाद

ताटातुटीवरून आठवलं. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात वैद्यकातला. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकविद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. पुढे परक्या राजांसाठी लढणाऱ्या स्विस सैनिकांचं दुखणं म्हणूनच तो ओळखला गेला. अन्न जाईना, झोप येईना, माणूस खंगत जाई. अमेरिकी यादवी युद्धातही डॉक्टर हे निदान नोंदवत असत. आपण त्याला ‘स्मरणरंजन’ हा प्रतिशब्द केला. छान आहे, पण त्यात रंजन आलं, वेदना गेली. सैनिकाबद्दल लिहिताना तो चालणार नाही. ‘घरची ओढ’ बरा.

सैनिकांच्या मनाच्या दुखण्यांची नावं कशी बदलत गेली तेही बघा. १८७१ मध्ये अमेरिकी डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी सैनिकांची ही लक्षणं हृदयाची म्हणून वर्णिली. १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून ‘शेल शॉक’ रूढ झाला, जणू तोफगोळ्याच्या हादऱ्याचा परिणाम. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) आला. प्रत्येक नाव दुखण्याची जागा दाखवतं : छाती, तोफगोळा, एखादा प्रसंग. कुटुंब, तुकडी, हुद्दा यांकडे बोट दाखवणारं नाव त्यांत नाही. होफरच्या शब्दात निदान घर तरी होतं.

प्रतिसाद

(मघाचीच परिचारिका.) ‘कलंक’ला माझा ठाम विरोध. काहीतरी वाईट केल्याशिवाय कलंक लागत नाही, असंच आपण समजतो. सैनिक काय म्हणतात सांगू? “शिक्का बसेल.” मनाच्या डॉक्टरकडे गेलो हे कागदावर आलं की शिक्का बसेल, मग बढती नाही, हातात शस्त्र देणार नाहीत, सोबतचे भरवसा ठेवणार नाहीत. ही भीती बहुतेक वेळा नुसती मनातली नसते.

इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची एक पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मानसिक त्रासाची लक्षणं असलेल्यांपैकी २३ ते ४० टक्के जणांनीच मदत घेतली होती. आणि आपल्याला कमकुवत समजतील ही धास्ती ज्यांना मदतीची गरज होती त्यांनाच जास्त होती. ‘शिक्का बसण्याची भीती’ असं लिहा, तीन शब्द झाले तरी चालेल. शिक्का मारणारा हात कुणाचा असतो, ते त्या शब्दात दिसतं.

प्रतिसाद

‘लष्करी कर्मचारी’ लिहिणार असाल तर थांबा. मराठीत लष्कर म्हणजे बहुतेकदा जमिनीवरचं दल. नौदल आणि हवाई दल आपण वेगळं म्हणतो. ‘सैनिक’ म्हटलं की बंदूकधारी डोळ्यांपुढे येतो. स्वयंपाकी, कारकून, वाहनचालक, परिचारिका, आणि स्त्रियाही, त्या चित्रातून बाहेर राहतात. आधीच संख्येने कमी असलेल्या स्त्रियांना एकटेपणा आणि छळ यांचा जाच वेगळा असतो, त्यांना पहिल्याच शब्दात गाळू नका. ‘सेनादलांतल्या व्यक्ती’ जरा कोरडं आहे, पण कुणाला वगळत नाही. एकदा तसं लिहून पुढे ‘सैनिक’ वापरा.

‘आरोग्य’ की ‘स्वास्थ्य’ हेही कुणी विचारेल म्हणून : आरोग्यात रोग नसणं आहे. स्वास्थ्यात मन ठिकाणावर असणं येतं, म्हणून तर ‘अस्वस्थ’ माणसाला ताप नसतो. शीर्षकात आरोग्य ठेवा, मनाबद्दलच्या प्रकरणात स्वास्थ्य.

विचारणा करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘निर्धारक’ हा शब्द पुस्तिकेतून पूर्ण काढला. पहिली दोन वाक्यं आता अशी आहेत :

“तुमची तब्येत फक्त तुमच्या शरीरावर आणि मनाच्या बळावर अवलंबून नसते. तुम्ही कुठे राहता, कुणाच्या हाताखाली काम करता, घरापासून किती काळ लांब असता, अडचण कुणाला मोकळेपणाने सांगू शकता, या भोवतालच्या परिस्थितीचाही तिच्यावर परिणाम होतो, आणि ही परिस्थिती बदलता येते.”

‘सामाजिक’ शब्द या वाक्यांत ठेवलाच नाही. तो दुसऱ्या पानावर, एवढी उदाहरणं देऊन झाल्यावर येतो. ताटातूट आणि दुरावा यांची दोन वेगळी प्रकरणं केली.

भावाला पुन्हा वाचून दाखवलं. ‘अडचण कुणाला मोकळेपणाने सांगू शकता’ इथे त्याने मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मग बराच वेळ बोलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, की ‘निवासस्थान’ लिहिलंय तिथे ‘बराक’ कर, नाहीतर पोरांना वाटेल अधिकाऱ्यांच्या बंगल्याबद्दल आहे. तसं केलं.

एक शब्द अजून राहिला. सैन्यातून पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडणाऱ्याला ‘निवृत्त’ म्हणवत नाही, त्यात म्हातारपण आणि आराम येतो. ‘सेवामुक्त’ म्हटलं तर सुटका झाल्यासारखं वाटतं, आणि गणवेश उतरवल्यावर आपण कोण हा प्रश्न पडलेल्या माणसाला सुटका झाल्यासारखं वाटत नसतं. ज्यांनी ते दिवस काढलेत, ते स्वतः काय म्हणतात?