घरात चार वाचक, चार तऱ्हा: नाशकात पुस्तकं शोधता कशी?

इंदिरानगरकरीण

नमस्कार मंडळी,

धागा काढायचं कारण आमचं घर. सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) पाटबंधारे खात्यातून निवृत्त. इतिहासाशिवाय काही वाचत नाहीत. ऐतिहासिक कादंबरी दिली की दुसऱ्या पानावर "हा संवाद यांना कोणी सांगितला?" म्हणून चष्मा काढून ठेवतात. नणंदेचा मुलगा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो, त्याला भुताखेतांशिवाय काही चालत नाही. लेक तिसरीत. तिला प्राणी हवेत, पण "शेवटी शहाणे होणारे नकोत". मी कथा-कादंबरीवाली. ओटा आवरला की झोप येईपर्यंतची पंधरा-वीस पानं माझी. नवरा वाचत नाही, तो पिशवी उचलतो.

दुकानात गेलं की दर्शनी भागात श्रीमंत कसे व्हाल, पहाटे कसे उठाल, बोलून माणसं कशी जिंकाल. मुलांच्या कोपऱ्यात गुळगुळीत कागदावरचा बिरबल, शेजारी तेनालीराम. ऑनलाइनचं तर बोलूच नका. भाच्यासाठी एक भयकथासंग्रह मागवला, तेव्हापासून ते अॅप मला फक्त कवट्या दाखवतंय. अण्णांनी त्याच मोबाइलवर मराठेशाहीचं काही शोधायला घेतलं तर "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून हडळ! अण्णा दिवसभर गप्प होते.

त्यात भाच्याचा पराक्रम. ‘तुंबाड’ सिनेमा बघून आला आणि वाचनालयातून ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड उचलून आणले. सिनेमातला राक्षस हस्तर कधी येतो म्हणून पहिल्या खंडाच्या मध्यापर्यंत वाट बघितली त्याने. मग मला विचारतो, "मामी, यात भूत आहे ना नक्की?" म्हटलं, बाबा रे, ही कोकणातल्या एका घराण्याची कादंबरी आहे, श्री. ना. पेंडश्यांची. सिनेमाने घेतलं ते नाव. गंमत म्हणजे त्याने खंड परत केले नाहीत, वाचतोय अजून.

त्यावरूनच हे सुचलं. याद्या नकोत, "वाचायलाच हवीत अशी शंभर" छाप याद्या मला फोनवर रोज येतात. तुम्ही पुस्तकापर्यंत पोचता कसे, ते सांगा. आणि एकाच फेरीत चौघांचं भागेल असं नाशकात काय आहे?

---

पंचवटी४२२००३

सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिक! दुसरं काय सांगणार. १८४० सालचं वाचनालय आहे गावात आणि तुम्ही अॅपवर कवट्या बघत बसलात.

दुसरं, कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना. शंभर पुस्तकांची पेटी एका गटाला मिळते, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाकडे जाते आणि तुमच्याकडे नवी येते. निवड तुमची नसते, हाच तिचा फायदा. आमच्या सोसायटीत पेटी आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं, कारण वरच सगळी प्रवासवर्णनं दिसली. खाली हात घातल्यावर बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हाताला लागलं. माणूस आपल्या विहितगावचा, पुस्तक १९६३चं, आणि मी नाशकात जन्म काढून ते उघडलं नव्हतं. तुम्ही कथा-कादंबरीवाल्या ना? या कथाच आहेत. झोपेच्या आधी मात्र वाचू नका.

---

रातकिडा

भाच्याला माझा सलाम सांगा. :)

भयकथेच्या कपाटापाशी थांबायचंच नाही, हा माझा नियम. लेखक पकडायचा आणि त्याच्या मागे दुसऱ्या कपाटापर्यंत जायचं. रत्नाकर मतकरी घ्या. ‘खेकडा’, ‘गहिरे पाणी’ ही भाच्याची. त्याच माणसाचं ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ तुमच्या लेकीचं. चेटकीण दोन्हीकडे राहू शकते हे त्यांना पक्कं माहीत होतं. आता त्या नाटकात चेटकीण रंगवली दिलीप प्रभावळकरांनी, आणि त्यांनी लिहिलेला ‘बोक्या सातबंडे’ तिसरीला अगदी फिट्ट. बोक्या शेवटी शहाणाही होत नाही, पुढच्या गोष्टीत पुन्हा तेच. म्हणजे भुताचं बोट धरून निघालो आणि मुलांच्या कपाटाशी पोचलो.

नारायण धारप तर हवेतच. ‘तुंबाड’मधली ती आजी धारपांच्या कथेवरून आलीय, हे भाच्याला सांगा, खूश होईल. ‘लुचाई’ मी अकरावीत वाचली. पुढे कळलं की तिचं मूळ स्टीफन किंगच्या कादंबरीत आहे. मला काही फरक पडला नाही, कारण घाबरलो ते मराठीतच.

अवांतर: धारपांची जुनी आवृत्ती फुटपाथवर दिसली तर घासाघीस करू नका. विकणाऱ्यालाही किंमत माहीत असते आता.

---

शिलाईमामा

ताई, मी लेखक-समीक्षक कोणी नाही. उभा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला. गावातल्या लहान-मोठ्या वाचनालयांची फाटकी पुस्तकं माझ्याकडे यायची, शाळांचीही. आता डोळे साथ देत नाहीत, धंदा मुलाने बंद करून झेरॉक्सचं मशीन टाकलं. मोबाइलवर हे नातीकडून टाईप करून घेतोय, चुकलं तर तिचं चुकलं.

तुम्ही विचारलंत पुस्तकापर्यंत पोचायचं कसं. मी नाव वाचतच नाही आधी. पुस्तक मिटलेलं हातात धरा आणि पाठीकडून नाही, उघडतं त्या बाजूने बघा. पानांच्या कडेला बोटांचा मळ बसतो. तो कुठपर्यंत गेलाय ते बघायचं. ऐतिहासिक जाडे ग्रंथ माझ्याकडे यायचे तेव्हा पुष्कळांची कड पहिल्या शंभर पानांपर्यंत काळी आणि पुढे कोरी करकरीत. लोक घरी नेतात, आठवडाभर टेबलावर मिरवतात, आणून देतात. ज्याची कड शेवटपर्यंत सारखी मळलेली, ते पुस्तक लोकांनी पुरं केलंय. ते बिनधास्त न्या, लेखक कोणी का असेना.

कथासंग्रहाची वेगळी खूण. तो टेबलावर पाठीवर उभा धरून सोडून द्यायचा. आपोआप जिथे उघडतो, तिथली गोष्ट सगळ्यांनी वाचलेली असते. तिथलीच शिलाई आधी सुटते. मी दाभण घेऊन बसलो की त्या एका फर्म्याला (एकत्र शिवलेल्या पानांच्या जुडीला) दोरा जास्त घालायचो. भुताच्या पुस्तकांचं शेवटचं पान हटकून गायब. फाडून नेतात की भीतीने टाकून देतात, देव जाणे. न्यायच्या आधी शेवटचं पान आहे का एवढं बघायला भाच्याला सांगा.

मुलांच्या पुस्तकांना मी रेक्झिन लावायचो, कापड टिकत नाही. त्यांच्यात चांगलं-वाईट ओळखायला काही लागत नाही. जे पुस्तक माझ्याकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येतं ते चांगलं. ‘फास्टर फेणे’ किती वेळा बांधला याला हिशेब नाही. भा. रा. भागवतांना मी कधी बघितलं नाही, पण त्यांनी माझ्या घरात धान्य भरलंय. उलट बक्षीस मिळालेली काही पुस्तकं वाचनालयाचा शिक्का सोडला तर तशीच. खळ सुकल्यावर चिकटलेली पानंसुद्धा कोणी सोडवलेली नसायची.

अण्णांसाठी एक सांगतो. इतिहासाच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर तेच न्या. "साफ खोटे", "पुरावा?", "पान अमुक बघा" असं लोक एकमेकांना लिहीत बसतात. मी कडा कापताना एक सूत कमी कापायचो, ती भांडणं जाऊ नयेत म्हणून. मालक ओरडायचे.

आणि शेवटचं, एकाच फेरीत चौघांचं भागवायचं म्हणता तर कपाटांकडे जाऊच नका. कोणत्याही वाचनालयात काउंटरच्या मागे किंवा बाजूला परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, अजून जागेवर न लावलेला. त्यात सगळं एकत्र असतं, भूत, पेशवे, ससा, सासू-सून. शिवाय ते सगळं कोणीतरी नुकतंच घरी नेऊन आणलेलं. संध्याकाळी जा, सकाळी गेलात तर ढीग आवरलेला असतो. काउंटरवरच्या माणसाशी गोड बोलावं लागतं तेवढं.

---

त्रिरश्मी

शिलाईमामांना दंडवत. वाचनखूण साठवली.

पण मळाच्या कसोटीला माझी थोडी हरकत आहे. मळतं ते लोकप्रिय. स्पर्धा परीक्षेची गाइडंही शेवटपर्यंत काळी असतात. त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ आमच्या वाचनालयात बरंच स्वच्छ आहे आणि विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी खिळखिळी. दोन्ही आपापल्या जागी मोठी, पण अण्णांना यातलं कुठलं चालेल ते धागाकर्तीने आधीच सांगून ठेवलंय. अण्णांसारख्या वाचकाचं पुस्तक बहुतेक वेळा कोऱ्या कडेचंच निघणार.

मी जागेवरून पुस्तकाकडे जातो. लेकीला आणि अण्णांना घेऊन पांडवलेण्यावर जा. लेणी क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक करणारा. त्याने क्षत्रप नहपानाला हरवलं. पुरावा? १९०६ साली नाशिकजवळच जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या बहुतेकांवर नहपानाच्या मुद्रेवरच सातकर्णीने आपला ठसा मारलाय. लेकीला पायऱ्या आणि माकडं मिळतील. अण्णांना घरी येऊन वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचा ग्रंथ लागेलच, त्यात कोरीव लेख दिलेत. संवाद एकही नाही.

भाच्यालाही इतिहासात ओढता येईल. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, ‘संगीत शारदा’चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन आत शिरतोय आणि अनंत कान्हेरे पिस्तूल घेऊन थांबलाय. ज्या गावात तो रोज बस पकडतो तिथलं हे आहे. भूत नाही, पण अंगावर काटा येतो.

आणि ताई, तुमच्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. जन्म आपल्या जलालपूरचा. कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, तरी पंधरा-वीस पानांवर थांबून दाखवा.

---

शिलाईमामा

त्रिरश्मी साहेब, गाइडांचं बरोबर बोललात. पण गाइडांची कड एका महिन्यात काळी होते, शाईने आणि घामाने. गोष्टीच्या पुस्तकाची हळूहळू पिवळी-तपकिरी होत जाते. रंगात फरक असतो, हातात घेतलंत की कळेल. शेजवलकरांचं तुम्ही म्हणता ते मात्र मान्य. ते बांधायला आलं होतं तेव्हा जेवढी पानं चाळली, तेवढ्यात माझी दुपार गेली होती.

---

देवळालीची_आत्या

तिसरीतल्या बाईसाहेबांसाठी: बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. माझा नातू चौथीत आहे, त्याला मी जुन्या अंकांतली चित्रं दाखवते आणि तो मला गोष्टी वाचून दाखवतो. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकंही बघा, चित्रंही त्यांचीच. त्यात कोणी कोणाला उपदेश करत नाही.

एक विनंती. मुलीला भाच्याचं काही हाती लागू देऊ नका. आमच्याकडे नातवाने उशीखाली काय ठेवलं होतं ते मी बघितलं आणि मग रात्रभर दिवा चालू, माझाच.

---

इंदिरानगरकरीण

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मामा, तुमच्या नातीचेही.

काल संध्याकाळी मुद्दाम गेले. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग होता, काउंटरवरचे काका आधी "बाई, तिकडे कपाटं आहेत" म्हणाले. म्हटलं, मला इकडचंच हवंय. त्यांनी खांदे उडवले आणि बघू दिलं. नवऱ्याने पिशवी धरली. मतकरींचा एक संग्रह मिळाला, शेवटचं पान शाबूत. ‘बोक्या’ मिळाला, त्याच्या मुखपृष्ठावर कोणीतरी बोक्याला मिशा काढल्यात, लेक त्यावरच खूश. अण्णांना शिवकालीन पत्रव्यवहाराचा एक खंड दिला, समासात भरपूर पेन्सिल होती. ते आतल्या मजकुराआधी समासच वाचत बसले आणि रात्री जेवताना म्हणाले, "हा जो कोणी आहे, त्याला तारखांचं कळत नाही." आता उत्तर लिहू का विचारतायत. वाचनालयाचं पुस्तक आहे म्हणून सांगितलं, तर म्हणतात पेन्सिलीनेच लिहीन.

‘स्मृतिचित्रे’ ढिगात नव्हतं, कपाटातून घेतलं. कड शेवटपर्यंत मळलेली आहे, मामा.

रातकिडा, ‘लुचाई’ कुठेच मिळाली नाही, नोंदवहीत आहे पण बाहेर गेलेली. तुमच्याकडची महिनाभर मिळेल का? कव्हर घालून देईन, चहा ठेवणार नाही.

---

रातकिडा

देतो, पण भाच्याला स्वतः यायला सांगा, नाशिकरोडला. बदल्यात ‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंड वाचून झाला असेल तर घेऊन या म्हणावं. मी तो कधी वाचलेला नाही.

---

पंचवटी४२२००३

अण्णांनी समासात लिहिलंच तर पुस्तकाचं नाव इथे टाका. पुढची फेरी मी तेच नेतो.