कांदा निर्यातबंदी: गरिबाचं बिल कुणाच्या नावावर?

‘कांदा महागला की गरिबाने खायचं काय, म्हणून निर्यातबंदी योग्यच’ असं बरेच जण म्हणतात. गरिबाची काळजी रास्त आहे हो, पण तिचं बिल एकट्या कांदेवाल्याच्या नावावर का फाडायचं?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, ८ डिसेंबरला थेट बंदी. मार्चअखेर उठेल म्हणून लोक आशेवर, तर मुदतच वाढवली. उठली ४ मे २०२४ला, तीही टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने बाहेर पाठवायचाच नाही) आणि ४० टक्के शुल्क लावून. आता डिसेंबरच का खटकतो, तर तेव्हा बाजारात लाल कांदा असतो. तो उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही. काढला की विकायचाच. लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टर लिलावाला उभा केल्यावर पुकारलेला भाव पटला नाही तरी माल घरी न्यायचं डिझेल कोण भरणार? पडेल त्या भावाला देऊन मोकळं व्हायचं.

व्यापारी लुटतात, मान्य. पण बंदीने त्याचं फारसं बिघडत नाही, तो खरेदीचा भाव पाडतो आणि आपलं मार्जिन राखतो.

आणि २०२३च्याच सुरुवातीला भाव कोसळले तेव्हा राज्याने अनुदान किती जाहीर केलं? क्विंटलला ३५० रुपये, म्हणजे किलोला साडेतीन. (तेही पीकपेऱ्याच्या, म्हणजे शेतात काय पेरलं त्याच्या, नोंदीचे कागद जुळले तर.) ग्राहकाला स्वस्त द्यायचाय ना, मग सरकारने बाजारभावाने घेऊन रेशनवर विकावा. तोटा तिजोरीने सोसावा, ज्यात आपण सगळेच कर भरतो. याला तुमची हरकत आहे का, तेवढं सांगा.