मदत हवी आहे : खेळातल्या जगासाठी जावळीतली जुनी नावं

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा. दर रविवारी आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे कल्पित जगातली पात्रं होऊन मिळून गोष्ट रंगवायचा खेळ, आणि यंदा ते जग मी रचतोय.

या खेळातलं ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी लहानपणीच, 1967 च्या सुमारास, गोष्टींसाठी कल्पलं होतं. खेळ आला 1974 मध्ये आणि त्यांचं जग संच म्हणून छापलं गेलं 1987 मध्ये. नावामागची कल्पना मला फार आवडते : त्या जगातून आपल्या पृथ्वीवर यायच्या वाटा होत्या, त्या माणसं विसरली.

हे वाचलं आणि कोयनेचं पाणी डोळ्यांसमोर आलं. धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेली गावं, त्यांच्या पायवाटा, पलीकडे वासोटा किल्ला. माझं जग तिथलंच असणार. पण नावं सुचतात ती सगळी इंग्रजी वळणाची, आणि ती मला नकोत.

बामणोली, तापोळा भागातलं कुणी आहे का इथे? बुडालेल्या वाड्या, शेतं, पाणवठे, घाटवाटा यांना घरातली जुनी माणसं काय म्हणायची? एकच नाव आठवत असेल तरी सांगा. आणि मूळ नाव जसंच्या तसं खेळात घेतलं तर तिथल्या लोकांना खटकेल का, हेही मोकळेपणाने सांगा.