फोनशी मराठीत बोलता का? तुमचे अनुभव सांगा

पावणेसहा

मागच्या गुरुवारी सव्वासातच्या डेक्कन क्वीननं मुंबईला जायचं होतं. आदल्या रात्री कणीक मळत होते, हात भरलेले, म्हणून ओट्यावरच्या फोनलाच सांगितलं, "पावणेसहाचा गजर लाव." "लावला," म्हणाला. सकाळी गजर वाजला तो सहाला. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न, असं कुणी म्हणेल. त्यानं एकदा धायरीहून पुणे स्टेशन गाठून दाखवावं. गाडी मिळाली, डबा ओट्यावरच राहिला.

रविवारी मग घरातले तीन फोन जेवणाच्या टेबलावर मांडले. माझा अँड्रॉइड, नवऱ्याचा आयफोन, सासूबाईंचा सॅमसंग. तिघांना तीच तीन वाक्यं: सव्वासातचा गजर लाव, परवा दूधवाल्याला पैसे द्यायची आठवण कर, पासोड्या विठोबाला कसं जायचं. तिघांच्या तीन तऱ्हा. एकानं 'परवा'चा 'परवाना' केला. एकानं आठवण उद्यावर टाकली. तिसऱ्यानं उलट विचारलं, "कोणत्या तारखेला?" मला तोच शहाणा वाटला, कारण आपला परवा गेलेलाही असतो आणि यायचाही असतो.

तुम्ही कुठला साहाय्यक वापरता, कशासाठी, मराठीत की इंग्रजीत, ते लिहा. एकच अट. फजिती सांगताना कंपनीचं नाव घ्यायचं नाही, कौतुकाला मोकळीक आहे. फोन कुठला घ्यावा या मागच्या धाग्यावर दोन साडू अजून एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे.

नळस्टॉप

कामाचा फोन आयफोन, स्वतःचा अँड्रॉइड, त्यामुळे दोन्ही दगडांवर पाय. रोज कोथरूड ते खराडी ॲक्टिव्हावरून. कानात इअरफोन एकच, आणि गाडी बाजूला लावल्याशिवाय फोनला हात नाही.

फोनमधलंच काही करायचं असेल तर मी सिरीकडे, म्हणजे आयफोनच्या साहाय्यकाकडे जातो. कुणाला फोन लाव, टायमर लाव, आलेला मेसेज वाचून दाखव, एवढं ती पटकन करते. फक्त तिच्या भाषांच्या यादीत मराठी वेगळी नाही. आयफोनच्या आयओएस १८ या प्रणालीपासून भारतीय इंग्रजीत मराठी मिसळून बोललेलं चालतं, पण वाक्याचा कणा इंग्रजीच ठेवावा लागतो. बाहेरचं काही शोधायचं असेल, म्हणजे दुकान उघडं आहे का, रस्ता कुठून, तर गूगल. तिथे मराठीत विचारलं की मराठीत उत्तर येतं.

गंमत नावांची होते. मामाचं नाव मी इंग्रजी अक्षरांत ठेवलंय. मराठी लावलेल्या फोनला "मामाला फोन लाव" म्हटलं तर मामा नावाचं कुणी नाही म्हणतो. देवनागरीत 'मामा' लिहिल्यापासून मामा सापडले. आता दोनशे नावं बदलायची आहेत. मामांपाशीच थांबलोय.

टिपणवही

थोडा इतिहास, कारण कुणीतरी लिहिणारच की हे सगळं गेल्या दोन वर्षांतलं आहे. सिरी २०११ ची, आयफोन ४ एसबरोबर आलेली. त्याआधी ती वेगळं ॲप होती, ॲपलनं ती २०१० मध्ये विकत घेतली. गूगल असिस्टंट २०१६ चा, सॅमसंगची बिक्सबी २०१७ ची. मराठीपुरतं बोलायचं तर बोलून टंकण्याची सोय गूगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये आणली, त्याच वेळी बंगाली, गुजराती, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू आणि उर्दूही आल्या. असिस्टंट मराठी बोलू लागला २०१८ मध्ये. गूगलच्याच जेमिनी या नव्या साहाय्यकाचं ॲप भारतात जून २०२४ मध्ये आलं ते मराठीसकट.

आणि हो, माझ्याकडे विंडोज फोन होता. हसू नका. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टची साहाय्यक कोर्टाना आली तेव्हा तिला सांगता यायचं की पुढच्या वेळी बहिणीशी बोलणं होईल तेव्हा किल्लीचं विचारायची आठवण कर. बहिणीचा फोन आला की पडद्यावर चिठ्ठी हजर. मराठीचा गंध नव्हता तिला, सगळं इंग्रजीत, पण हे एक काम मला अजून कुणाकडून तितकं नीट करून मिळालेलं नाही. मोबाइलवरचं तिचं ॲप २०२१ मध्ये बंद झालं. बहिणीकडे किल्ली अजून आहे.

दुसरी तुकडी

आमच्याकडे उलटा प्रकार. फोनला मी "एकोणऐंशी भागिले तीन" विचारलं, त्यानं बरोबर उत्तर दिलं. शेजारी बसलेल्या मुलानं विचारलं, "बाबा, एकोणऐंशी म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन?" २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा मी तावातावानं बोलत होतो. आता गप्प आहे.

आजीचा लेखनिक

हे आजी सांगतेय, मी फक्त टंकतोय. वय ८४, मुक्काम शनिवार पेठ.

"मला वाचायला त्रास होतो म्हणून नातवानं हे शिकवलं. मी रोज तिथी विचारते, पाऊस विचारते. संकष्टीला चंद्रोदय विचारला तर यानं सांगितलेली वेळ माझ्या पंचांगापेक्षा चार मिनिटं उशिराची. मी म्हटलं, बाबा रे, हा तर मुंबईचा चंद्र सांगतोस."

मी खात्री केली, आजी बरोबर होती. पुणे मुंबईच्या पूर्वेला साधारण एक अंश आहे आणि एका रेखांशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. फोनमध्ये ठिकाण कळण्याची परवानगी बंद होती, त्यानं मुंबई धरली. परवानगी दिल्यावर चंद्र पुण्यात आला. तरी आजी दर संकष्टीला त्याला विचारते आणि मग पंचांग उघडून ताडून बघते. मी म्हटलं, मग विचारतेस कशाला? म्हणाली, "तो सुधारला का ते बघायला नको?"

तीनचाकी

मी रिक्षा चालवतो हे बोलून लिहितोय पूर्णविराम मला इंग्रजी वाचता येतं पण टंकायला वेळ लागतो सिग्नलला तेवढा वेळ नसतो गिऱ्हाईक पत्ता सांगतं मी थांबलेलो असतानाच माइकचं बटण दाबतो आणि तोच पत्ता फोनला सांगतो पूर्णविराम मगरपट्टा बरोबर येतं हिंजवडी बरोबर येतं नवीन सोसायट्यांची इंग्रजी नावं तर माझ्यापेक्षा फोनला चांगली येतात पूर्णविराम जुनी नावं अवघड जातात सोट्या म्हसोबा म्हटलं की छोट्या येतं परवा बाईंना खिडकी स्टेशनला जायचं होतं तर फोन म्हणाला खिडक्यांची दुकानं जवळपास पाच आहेत पूर्णविराम

पावणेसहा

@तीनचाकी, दादा, बाईंना खिडकी की खडकी?

तिसरा मजला

मी दृष्टिहीन आहे. तुम्ही सगळे हात पिठात असताना जे करता ते मी दिवसभर करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे अँड्रॉइड आहे. त्यातलं टॉकबॅक पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं, आयफोनवाल्या मित्राकडे व्हॉइसओव्हर आहे. साहाय्यक वेगळा आणि हे पडदावाचक वेगळे, लोक गल्लत करतात. साहाय्यक कामं करतो. पडदावाचक माझे डोळे आहेत. साहाय्यक रुसला तर मी दुसऱ्या वाटेनं काम करीन, टॉकबॅक बंद पडलं तर हातात नुसती काच.

मेसेज मी बोलून लिहितो आणि टॉकबॅककडून वाचून घेतो. इथे एक मेख आहे जी डोळसांच्या लक्षात येत नाही. मी 'दिन' म्हटलं आणि फोननं 'दीन' लिहिलं तर वाचताना दोन्ही माझ्या कानाला सारखेच लागतात. 'शुभ दीन' असे मेसेज मी कार्यालयात वर्षभर पाठवत होतो, एका सहकाऱ्यानं शेवटी हळूच सांगितलं. आता महत्त्वाचं पत्र असेल तर एकेक अक्षर थांबून ऐकतो, तेव्हा कुठली वेलांटी ते कळतं. दोन ओळींना पाच मिनिटं लागतात.

दुसरं म्हणजे आवाज चारचौघांत असतो. बँकेच्या रांगेत उभं राहून मी फोनला "शिल्लक किती" विचारू शकत नाही. ओटीपी कानात ऐकायचा म्हणून इअरफोन कायम खिशात. पीएमपीच्या बसमध्ये मात्र हाक मारून काही होत नाही, इंजिनाचा आवाज, कंडक्टरची शिट्टी, त्यात माझी "हे गूगल, हे गूगल". एकदा शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, "कुणाला शोधताय? मी हाक मारू का?"

ध्वनिलहरी

बाणेरला आवाज ओळखणाऱ्या प्रणालींवर काम करते, कंपनीचं नाव अटीप्रमाणे नाही. पावणेसहाताई, गजर चुकला तेव्हा पडद्यावर काय अक्षरं उमटली ते पाहिलंत का? खरी गोम तिथे आहे. फोन दोन टप्प्यांत काम करतो. आधी आवाजाची अक्षरं करतो, मग अक्षरांचा अर्थ लावतो. पडद्यावर 'पावणेसहा' नीट आलं आणि गजर सहाचा लागला, तर कान शाबूत आहेत, डोकं चुकलं. पडद्यावरच 'पाहुणे सहा' आलं असेल तर कानच चुकला. डोकं चुकलं असेल तर वाक्य बदलून बघा, "पाच पंचेचाळीसचा गजर". कान चुकला असेल तर आधी भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी आहे की हिंदी ते तपासा. हिंदीत पौने छह असतं, तिथे पावणेसहा बापडं पोरकं.

तीनचाकींच्या सोट्या म्हसोबाचं कारणही सांगते. फोन नुसता ऐकत नाही, अंदाजही बांधतो. आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करून त्यांतून संभाव्य शब्द काढतो आणि त्यांतला कुठला वाक्यात जास्त बसतो ते त्यानं आजवर वाचलेल्या मजकुरावरून ठरवतो. 'छोट्या' त्यानं लाखो वेळा पाहिलाय, 'सोट्या' क्वचित. खुन्या मुरलीधर, पत्र्या मारुती, उपाशी विठोबा या सगळ्यांवर हाच अन्याय. आपण पेठेतल्या देवांना ठेवलेली नावं मजकुरात फार थोडी येतात. ॲमनोरासारख्या नव्या टाउनशिपचं नाव मात्र जाहिरातींमुळे ढीगभर.

यावर उपाय म्हणजे जास्त मराठी आवाज. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी आहे. पडद्यावर वाक्य येतं, आपण वाचायचं, दुसरं कुणीतरी ऐकून बरोबर-चूक ठरवतं. सरकारच्या भाषिणी प्रकल्पात भाषादान म्हणून असंच आहे. मी दोन्हीकडे वाचलंय. अडचण एवढीच की समोर वाक्य ठेवलं की माणूस बातम्या द्यायला बसल्यासारखा वाचतो. माझे वडील कोल्हापूरचे, घरात "काय करायलायस" म्हणतात आणि माइक समोर येताच "आपण काय करीत आहात" होतात.

पत्र्याची शेड

> पेठेतल्या देवांना ठेवलेली नावं

मी एकाला विचारलं होतं, "खुन्या मुरलीधर कुठे आहे?" त्यानं गुन्ह्याच्या बातम्या काढून दिल्या. एवढंच लिहायला आलो होतो.

मेथीची जुडी

कौतुक नाही आणि फजितीही नाही, पण हे करून बघा. खात्याच्या सेटिंगमध्ये आपल्या आवाजाच्या नोंदी पाहता येतात, आवाज साठवायला कधी हो म्हटलं असेल तर ऐकताही येतात. २०१९ मध्ये बातम्या आल्या होत्या की साहाय्यक सुधारण्यासाठी कंपन्या काही ध्वनिमुद्रणं माणसांकडून ऐकवून घेतात. ॲपलनं तेव्हा तो प्रकार थांबवला आणि माफी मागितली. ते वाचून मी माझी यादी उघडली होती.

निम्म्या नोंदी मी हाक न मारताच झालेल्या. हाकेचे शब्द ओळखणारं छोटं यंत्र फोनमध्येच सतत जागं असतं, हाकेसारखं काही ऐकू आलं की पुढचं मुद्रण सुरू. माझ्या यादीत एक नोंद अशी: "वीसला? काय सोन्याची आहे का? पंधराला दे, दोन घेते." मागे मंडईचा कल्लोळ. त्यावर फोनचं उत्तर होतं, आजचा सोन्याचा भाव. सगळं पुसलं. तेवढी एक नोंद ठेवली आहे.

नळस्टॉप

@मेथीची जुडी, मग पंधराला मिळाली का?

मेथीची जुडी

अठराला.

सॅमसंगची सून

बिक्सबीबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. बाहेरचं शोधायला मी तिच्याकडे जात नाही, पण फोनच्या आतलं तिला चांगलं कळतं. पडद्याचा उजेड कमी कर, वायफाय बंद कर, रात्री अकरानंतर आवाज बंद ठेव, हे सगळं इंग्रजीत सांगावं लागतं पण एका वाक्यात होतं. सासऱ्यांच्या फोनमध्ये तिचं बटण होतं आणि ते सतत चुकून दाबलं जायचं. त्यांना वाटायचं कुणीतरी बाई फोन करतेय.

पावणेसहा

@ध्वनिलहरी, काल पुन्हा करून पाहिलं. अक्षरं अगदी बरोबर, 'पावणेसहाचा गजर लाव'. गजर सहाचा. म्हणजे डोकंच. "पाच पंचेचाळीस" म्हटल्यावर मुकाट्यानं लावला. सासूबाई शेजारीच होत्या, त्या म्हणाल्या, "त्याला पाढे शिकव, पावकी, निमकी, पाऊणकी."

तीनचाकी

ताई खिडकी नाही खिडकी पूर्णविराम खिडकी पूर्णविराम थांबा हातानं लिहितो

खडकी.