दुबई आणि रॉटरडॅम: कामातून वेळ काढून काय पाहावे?

रावेरकर:
केळीच्या निर्यातीच्या बोलणीसाठी मला प्रथम दुबईला व नंतर रॉटरडॅमला जायचे आहे. बैठका आटोपल्यावर दोन्हीकडे जेमतेम अर्धा दिवस हाती राहील. ज्यांनी ही शहरे कामानिमित्त पाहिली आहेत, त्यांना तेथे खरोखर काय भावले, हे कृपया सांगावे.

धुळेकर:
बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे आणि ती पाहताना मान अवघडते, याहून अधिक माझ्या लक्षात राहिले नाही. मात्र देरा आणि बर दुबई यांच्यामधल्या खाडीतून अब्रा नावाच्या लाकडी होडीने किरकोळ भाड्यात पलीकडे जाताना काठाला लागलेली मालवाहू गलबते दिसतात, आणि हे शहर मुळात व्यापाऱ्यांचे आहे, हे उमगते. देऱ्याच्या मसाले बाजारात घासाघीस करावी. ती खानदेशी माणसाला शिकवायला नको.

भुसावळकर:
रॉटरडॅममध्ये जुना युरोप शोधू नये. १४ मे १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. सेंट लॉरेन्स चर्चही नंतर डागडुजी करूनच उभे राहिले. त्यापेक्षा २०१४ मध्ये खुले झालेले मार्कथल पाहावे. घोड्याच्या नालेसारख्या या इमारतीच्या कमानीत लोकांची घरे आहेत, आतल्या बाजूस अवाढव्य फळे-भाज्यांचे चित्र आहे आणि खाली बाजार भरतो. भाव मला चढे वाटले.

रावेरकर:
आभारी आहे. डिसेंबरात जाणार असल्याने कपड्यांविषयीही सांगावे.

भुसावळकर:
वारा अडवणारा कोट घ्यावा; रॉटरडॅमच्या इरॅस्मस पुलावर छत्री टिकत नाही.