रस्ता रोकोच्या आधीच 168 ची नोटीस आली, जावं का नाही?

हरभरावाला (पुसद तालुका)
नमस्कार मंडळी. आमच्या शिवारातली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळून आज 19 दिवस झाले, 14 जणाईचे पंप तिच्यावर. हरभरा फुलावर आहे, आता पाणी नाही भेटलं तर घाटे भरत नाहीत हे सांगाले नको. ऑफिसात गेलं का साहेब म्हणते ऑईल नाही, मंग म्हणते आधी बिल भरा, मंग म्हणते वर मागणी टाकली. तीनदा निवेदन दिलं, शिक्का मारून ठेवून घेतात बस. म्हणून सोमवारी फाट्यावर रस्ता रोको ठरवला, गावच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर सकाळी जमादार दारात, हातात नोटीस, कलम 168. अर्ज 19 दिवसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला नाही आन आमचा मेसेज एका रात्रीत ठाण्यात पोचला.
प्रश्न असा का लहान भाऊ पोलीस भरतीची तयारी करून राह्यला, तो म्हणते मी बी येतो. मायनं कालपासून जेवण सोडलं. त्याले नेऊ का नको? आन नोटीस म्हणजे गुन्हा दाखल झाला का?

खाकी_उतरवली
नाही, नोटीस म्हणजे गुन्हा नाही. मी रिटायर हवालदार, अशा नोटिसा पोतंभर वाटल्या असतील. जुन्या कायद्यात (सीआरपीसी) हीच 149 होती, 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात (बीएनएसएस, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता) 168 झाली. ती फक्त ताकीद असते, सही करून एक प्रत ठेवून घे. 170 वेगळी, त्यात गडबड होईल असं वाटलं तर आधीच उचलून नेतात, पण 24 तासांच्या वर ठेवता येत नाही. जमावबंदी 163 ची, ती मोडली तर बीएनएस म्हणजे न्याय संहितेचं 223 लागतं. खरी भीती बीएनएसच्याच 132 ची. सरकारी माणसाच्या अंगावर कोणी गेलं, कॉलर धरली, का ते लागतं आन ते अजामीनपात्र आहे. एका पोट्ट्याच्या एका ढकलीनं दहा जणांचं नाव त्यात येते, हे मी डोळ्यानं पाह्यलं.
भावाचं म्हणशील तर केस असण्यापेक्षा केस लपवणं जास्त महागात पडते. सुप्रीम कोर्टाचा 2016 चा अवतार सिंग खटल्यातला निकाल वाच, त्यात कमी वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब दुर्लक्षिता येते असं म्हटलं आहे. पण ते ठरवणार भरतीचे साहेब, म्हणून मी तरी त्याले घरी ठेवला असता.

बोंडअळी_ग्रस्त
हवालदार साहेब कायदा सांगितला ते बेस झालं, पण खेड्यात डीपी 48 तासांत बदलायचा बी नियमच आहे ना, त्याची नोटीस कोण कोणाले देते बे?

खाकी_उतरवली
त्याचं कलम आमच्या ठाण्यात नव्हतं भाऊ.

जुना_बिल्लेवाला (वर्धा)
माझं वय 67, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून लय रस्ते अडवले. रस्ता अडवल्याशिवाय कोणी येत नाही हे खरं आहे. मागच्याच 28 ऑक्टोबरची गोष्ट घ्या, 2025 ची, शेतकरी नेते बच्चू कडू ट्रॅक्टर घेऊन नागपुरात वर्धा रोडवर बसले. वर्षभर निवेदनं चालली होती, पण हायवे बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी हायकोर्टानं रस्ता मोकळा करा म्हटलं आन तिसऱ्या दिवशी मुंबईत बैठक, कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 च्या आत घेऊ म्हणून शब्द. आता सांगा, बळीराजानं काय शिकावं?
पण मले 23 नोव्हेंबर 1994 बी आठवते. नागपुरात गोवारी समाजाचा मोर्चा, विधानसभेचं अधिवेशन चालू, लोकाईचं म्हणणं एवढंच का कोणीतरी मंत्र्यानं येऊन निवेदन घ्यावं. कोणी वेळेवर आलं नाही, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली, 114 जीव गेले, बायका लेकरं जास्त. झिरो माईलजवळ स्मारक आहे, नागपूरले गेलो का तिथं थांबतो. म्हणून तुम्हाले सांगतो, सोमवारी सकाळी तहसीलदाराले फोन लावा का निवेदन घ्यायले फाट्यावरच या, आन किती वाजता येता ते ठरवून घ्या. म्हाताऱ्याईले बांधाच्या बाजूनं बसवा, ॲम्ब्युलन्स आन परीक्षेची पोट्टे सोडा. व्हिडिओ दोन मोबाईलवर घ्या, एक कोणीतरी लांबून.

हरभरावाला
अपडेट. रविवारी रात्री 9 वाजता टेम्पोत डीपी आली!! लाईनमन म्हणते वरून फोन आला होता. सोमवारी तरी फाट्यावर गेलो, तहसीलदार साहेब आले, निवेदन घेतलं, चहा बी पेले. भाऊ घरी होता, मायनं त्याले खोलीत कोंडून कडी घातली होती.
बसवलेली डीपी जुनीच दुरुस्त केलेली दिसते, तेल गळून राह्यलं. तिच्यावर 14 पंप एकदम चालतील का, कोणाले अनुभव असन तर सांगा, आम्ही सध्या सात सात करून पाळी लावली.