[मंडळ] फुटबॉलचा आशियाई कप: स्टेडियमात कोण कोण होतं?

आर्वीवाला (सध्या गावी), रवि. 14 जानेवारी 2024

राजेहो, रामराम. काल अहमद बिन अली स्टेडियमले कोण गेलं होतं ते सांगा बरं. मी तूर काढायले सुट्टी टाकून इकडं आलो अन टीम नेमकी तुमच्या दारात, कतारमधी, खेळून राह्यली, असं आपलं नशीब.

काल शेजारच्या गावात शंकरपट (बैलांची शर्यत) होता. मॅच पाच वाजता सुरू अन तिकडं शेवटच्या जोड्या जुंपणं चालू, मी ट्रॉलीवर बसून मोबाईलात पाहून राह्यलो होतो. बाजूचं एक पोट्टं डोकावलं, कोणाची मॅच म्हणे. म्हटलं आपली, ऑस्ट्रेलियासंग. तं म्हणते, "पुन्हा? नोव्हेंबरात वर्ल्डकप फायनल जिंकून पोट नाई भरलं का त्यायचं?" फुटबॉल आहे बे म्हटल्यावर गेलं उठून.

पण हाफटाइमपर्यंत 0-0 होतं, हे ध्यानात घ्या. सोळाव्या मिनिटाले छेत्रीचं हेडर थोडक्यात बाहेर गेलं तेव्हा मी एवढ्या जोरानं ओरडलो का पटातले दोघं-चौघं वळून पाहाले लागले. ते जर आत गेलं असतं ना! मंग पन्नासाव्या मिनिटाले आपल्या गोलकीपर गुरप्रीतनं हातानं ढकललेला बॉल बरोब्बर त्यायच्या अर्विनपाशी गेला, अन त्र्याहत्तराव्याले त्यायच्याच जॉर्डन बॉसचा दुसरा. 0-2. पण एवढं मागं बसून खेळायचं तं काउंटर-अटॅकले कोणी पुढं ठेवा ना एखादा.

---

दर्यापूरवाले काका, सोम. 15 जानेवारी 2024

सर्वांना तिळगूळ. मी होतो बाप्पा, मुलाला घेऊन गेलो होतो. मेट्रोच्या ग्रीन लाइनचा डबा निळ्या जर्सीनं असा गच्च की रिफ्फा स्टेशनला उतरायचंही आपोआप झालं. 35 हजारांच्या वर पब्लिक, त्यात निम्म्याहून जास्त आपलीच असावी, मल्याळी मंडळींचे ढोल तर एक मिनिट थांबले नाहीत आणि आमची रांग बरोब्बर त्यांच्या पुढं, रात्रभर कानात तेच. रेफरी जपानची यामाशिता होती, पुरुषांच्या आशियाई कपात बाईनं मॅच चालवण्याची ही पहिलीच वेळ. मस्त चालवली, कोणाचं ऐकून घेतलं नाही.

पण तू 0-0 चं कौतुक सांगू नको. 2011 ला इथंच दोह्यात आपण तिन्ही मॅच हरलो, पण बहरीनला दोन आणि कोरियाला एक असे 3 गोल तरी मारले होते. तेव्हा घरी जाताना बोलायला काहीतरी होतं.

---

वरुडची वहिनी, सोम. 15 जानेवारी 2024

काका, त्याच 2011 ला 13 गोल खाल्ले होते तेही लिहा की, अर्धाच हिशेब काय सांगता 😀

आणि हळदीकुंकू शुक्रवारी 19 लाच आहे, मॅच गुरुवारी आहे, त्यामुळे "वहिनी, पुढं ढकला" असे पर्सनल मेल मला पाठवणं बंद करा. वाणाचं सामान आलंय. भाऊजी, तुम्ही येताना तुरीचे सोले (हिरवे दाणे) वाळवून आणा, इथल्या फ्रोजन मटाराला ती चव नाही.

---

आर्वीवाला, शुक्र. 19 जानेवारी 2024

वहिनी, सोले आईनं वाळत घातले आहे, काळजी नका करू.

कालची उझबेकिस्तानसंगची मॅच मी मचाणावर पाह्यली. हरभऱ्यात रानडुकरं अन रोही (नीलगाई) घुसते म्हणून रोज जागल आहे, अन आमच्या वावरात रेंज फक्त मचाणावरच येते, खाली उतरलं का नुसतं गोल फिरत राह्यते. आठले मॅच, डबा सोडून भाकर हातात घेतली तं चौथ्याच मिनिटाले फैझुल्लाएव, अठराव्याले सर्गेयेव, अन हाफटाइमची शिट्टी वाजता वाजता तिसरा. तिन्ही पहिल्या हाफात. मी बोंबललो तसा तिकडून भाऊ टॉर्च घेऊन पळत आला, त्याले वाटलं डुकरं घुसले. दुसऱ्या हाफात राहुल केपीचा शॉट पोस्टले लागला, तेव्हा भाऊही बाजूले बसून पाहून राह्यला होता, म्हणे हा पोट्टा पहिलेपासून कावून नाई घेतला?

मले उत्तर नाई देता आलं. कोणी देईन का?

---

दर्यापूरवाले काका, बुध. 24 जानेवारी 2024

काल सीरियाच्या मॅचला अल बैत स्टेडियमला गेलो. मेट्रो तिथं थेट जात नाही, अल खोर म्हणजे 50 किमीच्या आसपास, वर मंगळवार, अर्धी सुट्टी टाकली. स्टेडियम तंबूसारखं, आतून फार सुंदर, पण आम्ही पाहायला काय गेलो होतो! जिंकलो तर तिसऱ्या नंबरवरून पुढं जायचा चान्स होता. आपला डिफेंडर झिंगनला दुखापतीमुळं बाहेर यावं लागलं आणि शहात्तराव्या मिनिटाला त्यांच्या ख्रिबिननं गोल मारला. सीरिया पहिल्यांदाच बाद फेरीत, त्यांची माणसं रडत होती, एकानं मुलाच्या गळ्यात स्वतःचा मफलर टाकला. आपले 3 मॅच, 0 गोल.

---

आर्वीवाला, बुध. 24 जानेवारी 2024

काका, तुमच्या 2011 वाल्यायनं 13 गोल खाल्ले अन यायनं 6. म्हणजे मागचं सुधरलं, पुढचंच संपलं. अन हे एकट्या कोच स्टिमाचवर टाकून नाई चालत. आयएसएलमध्ये (आपली फुटबॉल लीग) मैदानात चार परदेशी चालते अन क्लबवाले त्यातला एक तरी हमखास स्ट्रायकर घेते. आपला फॉरवर्ड मनवीर क्लबात विंगवर (कडेले) खेळते अन इंडियासाठी त्याच्याकडून गोल पाह्यजे. मंग 39 वर्षांचा छेत्री, 93 गोलवाला, अजून तोच पुढं. दुसरा पोट्टा तयार होईन कुठं? कापसाले 2023-24 चा हमीभाव 7,020 अन व्यापारी त्याच्या खालीच मागते, तसंच आहे हे, कागदावर आपला भाव, बाजारात दुसऱ्याचा.

असो. 11 जूनले कतारसंग त्यायच्याच घरी वर्ल्डकप क्वालिफायर आहे. नोव्हेंबरात भुवनेश्वरले 0-3 झालं होतं, तरी मी येतो. पेरणी भाऊ पाह्यते म्हणे, फक्त छेत्रीच्या नंबरची जर्सी पाह्यजे त्याले. काका, तिकिटं निघाले का माह्यं एक पकडून ठेवा, ढोलांपासून जरा दूर.